रिपोर्ट नॉर्मल, पण जीव लागंना

मावशीच्या पिशवीत तीन ईसीजी होते, दोन सोनोग्राफ्या, दुर्बिणीच्या तपासणीचा एक कागद आणि रक्त-लघवीच्या रिपोर्टांचा गठ्ठा. पिशवी पाथर्डीतल्या एका कापड दुकानाची. बंद तुटला म्हणून सुतळी बांधलेली. वर्षभरात ती पिशवी पाथर्डीतले दोन, तिसगावातला एक आणि नगरचे दोन असे पाच दवाखाने हिंडून आली होती. सगळीकडे उत्तर एकच, काही नाही, सगळं नॉर्मल आहे. मध्ये अशक्तपणा म्हणून दोनदा सलाईनही लागलं.

तक्रार काय? ती सांगायची, "छातीत धडधडतं, डोकं जड पडतं, पोटात गोळा उठतो, रातची झोप लागंना. आन जीवच लागंना बघ कशात." शेवटचं वाक्य ती सगळ्यांत हळू म्हणायची, आणि तोवर समोरचे डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागलेले असायचे. आजाराचं नाव त्या शेवटच्या वाक्यात होतं.

मी तरी वेगळं काय केलं? "मावशे, मन घट्ट कर," असा सल्ला दिला. ताप आलेल्या माणसाला अंग थंड कर म्हणण्यातलाच हा प्रकार, पण तेव्हा तो फार शहाणपणाचा वाटला होता.

'नैराश्य' हा वर्तमानपत्रातला शब्द आहे. करंजी घाट ओलांडून पाथर्डीत आलात, तर एसटी स्टँडपासून मोहट्याच्या गडापर्यंत कुणाच्या तोंडून तो ऐकू येणार नाही. इथं लोक म्हणतात : करमंना, गोड लागंना, कसंतरीच होतंय, जीव घाबरा होतो, डोक्यात किडे वळवळतात, अंगात त्राण नाही. फार तर 'टेन्शन'. मनाचं दुखणं आपल्याकडे शरीराच्या भाषेत बोललं जातं. त्यात खोटं किंवा नाटक काही नाही. शरीरात खरंच तसं होतं. भीती वाटली की मेंदू अंगाला पळायची तयारी करायला लावतो. अ‍ॅड्रिनलिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. उसाच्या सरीत नाग दिसला तर हीच सोय जीव वाचवते. नाग नसताना, चुलीपुढे बसल्या बसल्या ती दिवसातून चार वेळा सुरू व्हायला लागली, तर छाती धडधडणारच आणि पोटात गोळाही उठणारच. अशा घाबरण्याचा झटका बहुधा दहा-पंधरा मिनिटांत कळसाला जाऊन ओसरू लागतो. गाडी करून दवाखाना गाठेपर्यंत ईसीजी नॉर्मल येतो. घरचे म्हणतात, काही झालेलं नव्हतं.

याचा अर्थ तपासण्या वाया, असा नाही. थायरॉईड बिघडलं, हिमोग्लोबिन उतरलं, बी-12 कमी झालं तरी माणूस असाच मलूल होतो, आणि आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं किती सर्रास आहे ते प्रत्येक आशाताईला पाठ असतं. छातीत दुखलं तर हृदयाची तपासणी आधी, यात वादच नाही. माझं म्हणणं एवढंच की ही फेरी एकदा व्हावी. एकदा सगळं नीट आलं, पुन्हा नीट आलं, तर तिसरी सोनोग्राफी करण्याऐवजी दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांकडे जायची वेळ झालेली असते. रिपोर्ट नॉर्मल येणं ही मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यासाठी मिळालेली चिठ्ठीच समजावी.

मग दुःख किती आणि आजार कुठून? जगभर वापरली जाणारी एक साधी नऊ प्रश्नांची फॉर्मवजा चाचणी आहे, पीएचक्यू-9. मराठीतही ती मिळते. तिचा प्रत्येक प्रश्न 'गेल्या दोन आठवड्यांत' या मुदतीचा आहे. झोप कशी होती, भूक कशी होती, कशात रस वाटला का, थकवा किती, आपण कुचकामी आहोत असं वाटलं का, आणि शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल. एखाद-दुसरा दिवस वाईट गेला तर त्याची दखल घ्यायचं कारण नाही. बहुतेक दिवस, दिवसातला बहुतेक वेळ, दोन आठवड्यांच्या वर, आणि त्यामुळे रोजचं काम अडलेलं, हे सगळं एकत्र आलं की माप भरलं.

आमच्या भागात यातलं कामाचं माप सगळ्यांत खरं, असं मला वाटतं. झोपेचं लोक सांगत नाहीत, रडणं लपवतात, पण काम लपत नाही. मावशीकडे चार शेळ्या होत्या. त्या तिने माघात विकल्या. भाव चांगला आला म्हणून घरात सगळे खूश झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही की वीस वर्षांत शेळ्यांशिवाय कधी न राहिलेली ही बाई पहिल्यांदाच रिकामी झाली होती. त्याआधी तिने बाजारला जाणं सोडलं होतं, त्याच्याही आधी शेजारणीकडे मशेरी लावत बसणं. नंतर उलट क्रमाने मोजलं तेव्हा आठ महिन्यांचा हिशेब निघाला. तुमच्या घरातल्या माणसाच्या शेळ्या कोणत्या ते तुम्हालाच ठाऊक. कुणी भजनाला जायचं थांबतं, कुणी दाढी करायचं, कुणी पोर क्रिकेटला जायचं थांबतं आणि घरचे म्हणतात, बरं झालं, अभ्यासाला लागलं.

इथं एक गोष्ट मोकळेपणी मान्य करायला हवी. पाथर्डी तालुक्यातलं पुष्कळसं दुःख हे दवाखान्याचं दुःख नाही. दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर पाच-सहा महिने कोपीत राहायचं, पहाटे थंडीत मोळ्या बांधायच्या, पाडव्याच्या आगेमागे परतायचं. घरी उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मावशीचा मुलगा-सून असेच गेलेले. उचलीवर गोळी नाही, पावसावर नाही, कांद्याच्या भावावर तर नाहीच. ज्याचं दुःख मजुरीचं आहे त्याला समुपदेशकाकडे पाठवून मोकळं होणं ही चलाखी आहे, आणि सरकार ती अधूनमधून करतं.

पण दुसरी बाजू विदर्भात दिसली. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'संगाथ' या संस्थेने 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला. गावातलीच माणसं शिकवून तयार केली, त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली, जवळच डॉक्टरांची सोय ठेवली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार कुणाकडे मदतीला जात होते. दीड वर्षानंतर ते प्रमाण 27 टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्याच्या आसपास उतरलं. त्या अठरा महिन्यांत त्या गावांचं कर्ज फिटलं नव्हतं. शेती तीच होती. कर्ज तेवढंच असताना रात्री झोप लागणारा माणूस आणि न लागणारा माणूस यांत फरक असतो. पहिल्याला बँकेत जाऊन भांडायचं बळ राहतं.

राज्य सरकारनेही 2015 साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा असे 14 जिल्हे त्यात होते. पाथर्डीची हद्द ओलांडली की बीड जिल्हा लागतो. माती तीच, दुष्काळ तोच, फडही तोच. बीड त्या यादीत होता, नगर नव्हता. 2015-16 मध्ये बंगळूरच्या निम्हान्सने देशाची पहिली मोठी मानसिक आरोग्य पाहणी केली. तीत शंभरातल्या साधारण दहा-अकरा प्रौढांना उपचारांची गरज असलेला काहीतरी मनोविकार आढळला आणि नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या 85 जणांना उपचार मिळतच नव्हते. त्या पाहणीत 12 राज्यं होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. यादीत नसणं आपल्याला नवीन नाही.

गेलेल्या माणसाच्या दुःखाचंही सांगतो. घरात मयत झालं तर माणूस महिनाभर जेवत नाही, झोपत नाही, हे दुःखच आहे. त्याला आजार म्हणू नये. आपल्याकडे त्यासाठी दहावा आहे, तेरावा आहे, भेटायला येणाऱ्या बायका गळ्यात पडून रडतात, सव्वा महिन्याने कुणीतरी जबरदस्तीने माहेरी नेतं. समुपदेशक ज्याची फी घेतो त्यातलं बरंच काम या रीती फुकट करत होत्या. असं दुःख लाटांनी येतं. मधल्या वेळात माणूस गेलेल्याच्या आठवणीने हसतोसुद्धा. जेव्हा लाटा थांबून नुसताच चिखल उरतो, मधला वेळ येतच नाही, आणि 'तो गेला' याच्या जागी 'माझ्यामुळेच गेला', 'मी कशाला राहिले' ही भाषा सुरू होते, तेव्हा तेराव्याच्या पलीकडची मदत लागते. बाळंतिणीचं तर फार जपावं. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांनीही तिला बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, ती सारखी रडत असेल, तर दृष्ट काढा हवी तर, पण डॉक्टरांनाही दाखवा. आणि ती भलतंसलतं बोलू लागली, भास होऊ लागले, तर त्याच दिवशी दाखवा.

दृष्टीचा विषय निघालाच आहे. पाथर्डी म्हणजे नाथांचा मुलूख. मढीला कानिफनाथांची समाधी, रंगपंचमीला लाखोंची यात्रा. माणूस एकटाच बडबडू लागला, कुणीतरी माझ्या वाईटावर आहे म्हणू लागला, की 'बाहेरचं' बघायला नेण्याची रीत या सगळ्या पट्ट्यात आहे. श्रद्धेची टिंगल करून यातून कुणी दवाखान्यात आलेलं मी पाहिलेलं नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 2008 च्या सुमारास एक शहाणा प्रयोग सुरू झाला, नाव 'दवा-दुआ'. मुजावरांनाच आजाराची लक्षणं शिकवली. ते दुआ देतात आणि सोबत आवारातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. लोक दोन्ही घेतात. दोऱ्याने गोळीला अडथळा होत नाही. अडथळा होतो तो मारहाणीने, उपाशी ठेवण्याने आणि साखळीने. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडी इथं आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माणसाला साखळीने बांधणं कोणत्याही कारणासाठी बंद केलं आहे. आवाज ऐकू येणं, पराकोटीचा संशय, दिवसेंदिवस न झोपता फिरणं आणि उधळपट्टी, यांना दोन आठवड्यांची मुदत लागू नाही. ही लक्षणं जितक्या लवकर दाखवाल तितका आजार आटोक्यात राहतो.

आता कुणाकडे जायचं? यात फार घोटाळा होतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे या विषयात शिकलेला डॉक्टर. तो औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो. समुपदेशक अडचणीतून वाट काढायला मदत करतो. तिघंही लागतात, पण सुरुवात कुठून करावी हा प्रश्न पडला तर पहिल्याकडून करा. चौथा एक असतो, तो म्हणजे मेडिकलवाला. 'झोपेची अर्धी गोळी' चिठ्ठीशिवाय मागायची आणि वर्षानुवर्षं खायची, हा आपल्याकडचा सगळ्यांत चालू उपचार. त्या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. संध्याकाळच्या क्वार्टरचंही तेच. झोप लागावी म्हणून सुरू झालेली दारू झोपच खाते.

बोलण्याचा उपचार म्हणजे काय, याची लोकांना भीती किंवा हसू असतं. "नुसतं बोलून काय व्हायचंय?" गोव्यात हेच तपासून पाहिलं. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 64 टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत 39 टक्के. 'लॅन्सेट'मध्ये 2017 साली ते छापून आलं. त्या बैठकांत उपदेश नव्हता. माणूस दिवसभर काय करतो ते लिहून काढायचं, सुटलेल्यातली एखादी छोटी गोष्ट उद्यासाठी ठरवायची, परवा विचारायचं जमलं का. उमेद आल्यावर काम सुरू होईल याची वाट पाहायची नाही, काम थोडं सुरू करून उमेदीला बोलवायचं. दुसरी एक पद्धत विचारांची उलटतपासणी घेते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडक्यांनी मराठीत इतकी सोपी करून लिहिली की ती पुस्तकं अजून वाचनालयांत हातोहात फिरतात. नुसतं वाचूनही काहींना उपयोग होतो. मात्र ज्याला वर्तमानपत्राचं पान पुरं वाचवत नाही त्याच्या हातात पुस्तक देऊ नका.

मावशीला अखेर नगरच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. तिची अट एकच, गावात कुणाला सांगायचं नाही. त्यांनी पिशवीतले सगळे कागद एकेक करून पाहिले. मग विचारलं, "घरी जनावरं काय काय आहेत?" ती म्हणाली, "शेळ्या व्हत्या. इकल्या." "का विकल्या?" यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग बोलली ते अर्धा तास. मी बाहेर जाऊन बसलो. औषध सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील आणि पहिल्या आठवड्यात मळमळेल. मळमळलंच. तिने चौथ्या दिवशी गोळी बंद केली, फोनवर बोलणी खाल्ली, पुन्हा सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात झोप आली. मन ताळ्यावर यायला त्याहून बराच वेळ लागला, आणि बरं वाटल्यावरही गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागल्या, कारण मध्येच सोडल्या की आजार परत फिरतो. गावात ती अजूनही 'बीपीची गोळी' म्हणूनच सांगते. सांगू दे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची इथं खरी अडचण आहे. औषध भाद्रपदात सुरू होतं आणि कार्तिकात फड गाठायचा असतो. जाण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. ते पुढची चिठ्ठी, फोनवरचा सल्ला, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याची सोय यांचा विचार करून देऊ शकतात. न सांगता बंद करू नका.

एका बाबतीत मात्र थांबायला अजिबात वेळ नाही. "आता तुम्हाला माझा त्रास राहणार नाही", "पोरांकडे बघा" असं कुणी बोलू लागलं, देणीघेणी मिटवू लागलं, जपलेल्या वस्तू वाटू लागलं, किंवा महिनोन्‌महिने अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत झाला, तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोलीस केसच्या भीतीने लोक लपवतात. 29 मे 2018 पासून लागू झालेला तोच 2017 चा कायदा जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचं धरून चालतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. 1 जुलै 2024 ला आलेल्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलमच राहिलेलं नाही.

पाथर्डीहून नगर साधारण 50 किलोमीटर. सरकारदरबारी अहिल्यानगर झालं असलं तरी एसटीत नगरच मागा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तेवढं जाणं होत नसेल, किंवा जावं की नाही हेच ठरत नसेल, तर 14416 लावा. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली ही टेली-मानस सेवा रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाही लागला तर 1800-891-4416. फडावरच्या कोपीतूनही लागतो.

आणि नगरला निघताना रिपोर्टांची ती पिशवी बरोबर घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतील.